गोठ्यालाही वास्तुकला असते

वास्तुकला हा शब्द उच्चारला की आपल्या सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे सांगावयास मोठ्या चातुर्याची गरज नाही. वेरूळचे कैलास लेणे, आग्र्याचा ताज, एखादा गड, एखादे हेमाडपंती देऊळ; आणि विषय इंग्रजी अमदानीचा असेल, तर मुंबईचा राजाबाई मनोरा आणि बोरीबंदरचे स्टेशन. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इमारत म्हणजे टोकदार कमानी, दगडात कोरलेले पशुपक्षी आणि रंगीत काचा, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. २००४ साली बोरीबंदरच्या स्टेशनाची आणि २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, तेव्हा या समजुतीवर जणू राजमुद्राच उमटली.

त्या इमारतींशी माझे भांडण नाही. त्यांच्यामुळे जी एकांगी दृष्टी आपल्या अंगवळणी पडली, तिच्याशी आहे. माझे म्हणणे असे, की त्या युगाची बुद्धी आणि त्या युगाचे पाप या दोन्ही गोष्टी सर्वांत उघड्या दिसतात त्या इंग्लंडच्या खेड्यांतील शेतीच्या इमारतींत. आणि आज त्या इमारतींचे जे चालले आहे, त्याला संरक्षण हे नाव देणे ही शुद्ध फसवणूक आहे. हा प्रश्न दूरच्या इंग्लंडपुरताच असता, तर मी या पानांवर वाचकांचा वेळ घेतला नसता. आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर तो वेगळ्या रूपाने येऊन पडलेला आहे. पण तेथवर क्रमाने जावे हे बरे.

"गोठ्याला कसली आली आहे वास्तुकला?" हा पहिला आक्षेप मी गृहीतच धरतो. चार भिंती, वर छप्पर, आत दावण; यात कला ती कोणती? आक्षेप घेणारे गृहस्थ बहुधा दर्शनी भिंतीकडे पाहून बोलत असतात. मी केंद्र सरकारच्या कचेरीतला एक कारकून आहे; बांधकामाची पदवी माझ्यापाशी नाही. पण आवक-जावकाची नोंदवही कशी वाचावी, एवढे मात्र मला नोकरीने शिकविले आहे. शेतीची इमारत ही अशीच एक नोंदवही होय. कोणती वस्तू कोणत्या दाराने आत आली, कोठे थांबली, तिचे काय झाले, आणि ती कोणत्या रूपाने बाहेर पडली, याचा लेख तेथे विटांनी लिहिलेला असतो. तो लेख वाचता आला म्हणजे गोठ्याची वास्तुकला दिसू लागते. ज्याला तो वाचता येत नाही, त्याला फक्त भिंती दिसतात.

जुन्या इंग्रजी धान्यकोठाराचेच उदाहरण घ्या. उंच, लांबलचक इमारत. दोन्ही लांब भिंतींच्या मध्यावर समोरासमोर दोन प्रचंड दरवाजे. सहलीला आलेला मनुष्य त्या दरवाज्यांच्या भव्यतेने थक्क होतो. पण त्या दरवाज्यांचा भव्यतेशी काही संबंध नाही. त्या दोन दारांमधली जमीन म्हणजे त्या कोठारातले खळे. हिवाळाभर मजूर तेथे सांधलेल्या दांडक्यांनी कणसे झोडपीत, आणि मग दोन्ही दारे उघडून आरपार वाहणाऱ्या वाऱ्यावर उफणणी करीत. आपला शेतकरी उघड्या खळ्यावर, उंचावर उभा राहून सुपातून धान्य सोडीत असे आणि वाऱ्याची वाट पाहत असे. इंग्लंडच्या ओल्या हवेत खळेच छपराखाली घ्यावे लागले, आणि वाऱ्याला यावयास भिंतीत वाट करून द्यावी लागली. एकच गरज, एकच क्रिया. हवा बदलली तशी इमारत बदलली. याहून निराळे असे वास्तुकलेचे मूळ मला तरी ठाऊक नाही.

पुढे १७८६ साली स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मीकल याने मळणीयंत्र बनविले. घोड्याच्या, पाण्याच्या आणि नंतर वाफेच्या बळावर ते यंत्र चालू लागले, आणि त्या उंच कोठाराचे प्रयोजन हळूहळू सरले. महिनोन् महिने चालणारी मळणी काही दिवसांत आटोपू लागल्यावर एवढी मोठी जागा आणि एवढे मोठे दरवाजे कशाला हवेत? व्हिक्टोरियन काळातील नव्या शेतवाड्यांत कोठार लहान झाले, आणि त्याच्या शेजारी वाफेच्या यंत्राची खोली व तिचे धुराडे उभे राहिले. परंतु हिवाळ्यातील मळणी हेच ज्या मजुराचे चार महिन्यांचे अन्न होते, त्याचे काय झाले? १८३० साली दक्षिण इंग्लंडमधील मजुरांनी ही यंत्रे फोडली, गंजी पेटविल्या. त्या दंग्यांपायी १९ जणांना फाशी देण्यात आले आणि सुमारे ५०० जणांना समुद्रापार ऑस्ट्रेलियाकडे धाडण्यात आले. भिंतीतला एक दरवाजा अरुंद होतो, त्यामागे एवढा इतिहास असतो. दर्शनी सौंदर्याच्या पुस्तकात तो सापडावयाचा नाही.

आता प्रत्यक्ष व्हिक्टोरियन शेतवाड्याकडे वळू. १८४६ साली इंग्लंडने परदेशी धान्यावरील जकातीचे जुने कायदे रद्द केले. स्वस्त परदेशी गव्हापुढे आपला जमीनदार टिकणार कसा, ही चिंता सर्वांना पडली. जेम्स केअर्ड याने १८४९ साली एक पुस्तिका लिहून त्याचे उत्तर दिले: जकातीचे संरक्षण गेले असेल, तर अधिक भांडवल घालून शेती करा. पेंड विकत घ्या, ती गुरांना चारा. गुरे मांस देतील आणि उत्तम शेण देतील. ते शेण शेतात घाला, म्हणजे धान्य वाढेल. धान्याचा पेंढा पुन्हा गुरांखाली येईल. या चक्राचा आस कोणता, हे सांगावयास नकोच. तो आस म्हणजे उकिरडा. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो असे आपण म्हणतो. इंग्लंडात तो विज्ञानाने आणि कर्जाने फिटला. १८४६ सालीच जमिनीतील पाण्याच्या निचऱ्यासाठी सरकारी कर्ज देण्याचा कायदा झाला होता. पुढे १८६४ च्या कायद्याने जमीन-सुधारणेच्या कर्जांची वाट अधिक रुंद केली, आणि त्यातून शेतीच्या इमारतीही उभ्या राहू लागल्या. १८६३ साली जॉन बेली डेंटन या अभियंत्याने इंग्लंडमधील शेतवाड्यांच्या नकाशांचा एक ग्रंथच प्रसिद्ध केला. ज्या देशात त्याच सुमारास मंदिराच्या शैलीवरून पंडितांची रणे माजली होती, त्याच देशात गोठ्याच्या नकाशाचाही असा गंभीर विचार होत होता.

त्या विचाराची काटेकोर दृष्टी पाहावी. कोठार उत्तरेकडे, म्हणजे थंड वारा अडेल. गुरांचे चौक दक्षिणेकडे उघडे, म्हणजे हिवाळ्यातले कोवळे ऊन आत येईल. गाड्यांच्या पडवीचे तोंड मात्र उन्हापासून फिरविलेले, कारण उन्हाने लाकूड तडकते. त्या पडवीच्या वर धान्याची माडी, म्हणजे खालून हवा खेळेल आणि उंदरांना चढणे अवघड जाईल. कंदमुळे साठविण्याची व पेंड कुटण्याची जागा गव्हाणीलगत, म्हणजे माणसाची पावले वाचतील. जो मनुष्य दिवसातून दोनदा शंभर गुरांना वैरण घालतो, त्याला वीस पावलांचा वळसा म्हणजे वर्षाला कित्येक कोसांचा प्रवास आहे, हे त्या नकाशा काढणाऱ्याने ओळखले होते. आमच्या कचेऱ्या बांधणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला असेल, असे त्या कचेऱ्यांचे जिने आणि ओसऱ्या पाहून वाटत नाही.

शेणाचा हिशेब तर याहूनही सूक्ष्म. ऑगस्टस व्हॉएल्कर या जर्मन वंशाच्या रसायनज्ञाने १८५६ साली शेणखताची पृथक्करणे प्रसिद्ध केली, आणि उघड्या उकिरड्यावर पाऊस पडला की पिकाला लागणारे विद्राव्य द्रव्य वाहून जाते, ही गोष्ट आकड्यांनी दाखवून दिली. म्हणजे उघडा चौक म्हणजे पैशांची गळती! मग चौकावरच छप्पर घालण्याची कल्पना पुढे आली. ओतीव लोखंडाचे खांब आणि आगगाडीने येणारा वेल्समधला पाटीचा दगड यांमुळे ते साध्यही झाले. सॉमरसेटमध्ये ईस्टवुड मॅनर या शेतावर १८६० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या वाड्यात असे दोन झाकलेले चौक आहेत, आणि इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याला पहिल्या प्रतीचे स्थान आहे. रेल्वे स्टेशनाच्या छपराचे कौतुक करावयाचे आणि शेणावरच्या छपराला हसावयाचे, यात कोणते तर्कशास्त्र आहे? दोन्ही छपरे एकाच लोखंडाची, एकाच युगाची आणि एकाच हिशेबी बुद्धीची आहेत.

कोल्सहिल येथील शेतवाडा या बाबतीत विशेष बोलका आहे. रॅडनरच्या जमीनदार घराण्यासाठी तो १८५२ ते १८५४ या काळात बांधला गेला. जागा उताराची निवडली ती मुद्दाम. धान्य आणि वैरण वरच्या अंगाला उतरावयाची, तेथून खालच्या अंगाला गुरांकडे यावयाची, आणि शेण त्याहून खाली जावयाचे. म्हणजे ओझे वाहण्याचे निम्मे काम पृथ्वीच्या आकर्षणाने करावे. याच कोल्सहिलला सतराव्या शतकातला एक सुप्रसिद्ध प्रासाद होता. १९५२ साली तो आगीत जळाला आणि पुढे त्याचे अवशेषही पाडण्यात आले. त्या प्रासादासाठी वास्तुपंडितांनी किती अश्रू ढाळले! ते अश्रू खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण त्याच गावात जो गोठा उभा राहिला, त्याच्याकडे त्या वेळी वळून पाहणारे किती होते, एवढाच माझा प्रश्न आहे. १९५८ साली व्हिक्टोरियन वास्तूंच्या रक्षणासाठी इंग्लंडात एक संस्था स्थापन झाली. १९६१-६२ मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनाची कमान पाडली गेली तेव्हा मोठे वादळ उठले. शेतवाड्यांच्या वाट्याला असे वादळ आले नाही. नायजेल हार्वे याने इंग्लंड-वेल्समधील शेती-इमारतींचा इतिहास पुस्तकरूपाने मांडला तो १९७० साली. तोवर कित्येक वाडे नव्या यंत्रांना वाट देण्यासाठी जमीनदोस्त झाले होते.

येथे मी माझ्या पक्षाच्या लोकांवरही थोडा रुसणार आहे. गोठ्याचे कौतुक करणारांत एक वर्ग असा आहे, की त्याला त्यातील नटवेपणाच तेवढा आवडतो. विंडसरजवळ फ्रॉगमोर येथे राणीचा पती आल्बर्ट याने १८५८ साली दूधघर बांधविले. भिंतींना मिंटनच्या चिनीमातीच्या फरशा, कारंजी, संगमरवर! ते पाहून माणूस दूध विसरतो. मला त्याच्यापेक्षा वेल्सच्या सीमेवरील लेटनचा शेतवाडा अधिक सच्चा वाटतो. लिव्हरपूलचा सावकार जॉन नेलर याने १८५० च्या आसपास तो उभारला. डुकरांसाठी गोलाकार घर, आणि गोठ्यातील पातळ खत डोंगरावरच्या टाकीत चढवून तेथून नळांनी शेतांवर सोडण्याची योजना. ही योजना किफायतशीर होती की नव्हती, हा वाद निराळा. पण तेथे इमारतीचे रूप तिच्या कामातून आले आहे. फ्रॉगमोरला ते मालकाच्या हौसेतून आले आहे. दोघांना एकाच टोपलीत घालून "किती सुंदर!" म्हणणे, हे वाचण्याचे सोडून शाईचा रंग पाहण्यासारखे होय.

आणि वाचावयाचेच ठरविले, तर जमेबरोबर खर्चाचेही पान उघडले पाहिजे. या आदर्श वाड्यांत बैलाला कोरडी जागा, मापाची हवा, वेळेवर पेंड मिळत होती. त्याच जमिनीवर राबणाऱ्या मजुराचे कुटुंब मात्र पुष्कळदा एका-दोन खोल्यांच्या ओल्या झोपडीत दाटीवाटीने राहत होते. १८६७ साली नेमलेल्या राजकीय आयोगापुढे ही गोष्ट सविस्तर आली. कारण काय? जमीनदार निर्दय होता, एवढे म्हणून भागत नाही. झाकलेल्या चौकाचे कर्ज खताच्या रूपाने फिटण्याची आशा होती. मजुराच्या घराचे कर्ज त्याच्या तुटपुंज्या मजुरीतून मिळणाऱ्या भाड्याने फिटणारे नव्हते. बैल हिशेबात बसला, माणूस बसला नाही. काही जमीनदारांनी चांगली घरेही बांधली, हे नमूद केले पाहिजे. पण नियम तो नव्हे. १८७२ साली जोसेफ आर्च याने शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभारली, ती या पार्श्वभूमीवर. म्हणून मी म्हणतो की त्या युगाची बुद्धी आणि पाप ही दोन्ही या विटांत आहेत. जो फक्त बुद्धीचे गुणगान करतो तो भाट. आणि जो फक्त पाप दाखवून इमारत पाडा म्हणतो, तो पुरावा नष्ट करणारा.

हा डोलारा फार काळ टिकलाही नाही. अमेरिकेच्या मैदानांतून आगगाड्यांनी आणि आगबोटींनी गहू येऊ लागला. १८७७ साली इंग्लंडात एका क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांना, ५६ शिलिंग ९ पेन्स हा सरासरी भाव होता. १८९४ साली तो २२ शिलिंग १० पेन्सांवर आला. शंभर वर्षे टिकावेत म्हणून बांधलेले वाडे वीस-तीस वर्षांच्या भावाच्या भरवशावर उभे होते. बस्कट येथे रॉबर्ट कॅम्बेल याने काँक्रीटच्या शेती-इमारती, वाफेचे नांगर, साखरबीटापासून मद्यार्क काढण्याचा कारखाना, असा सारा थाट केला. तो १८८७ साली कर्जाच्या ओझ्याखालीच वारला. काही टीकाकार या अपयशावरून त्या सगळ्या वास्तुकलेलाच मूर्खपणा ठरवितात. मला हे मान्य नाही. भाव कोसळला तो गणिताच्या एका गृहीताचा दोष. गव्हाण आणि वैरणीची खोली यांमधील अंतर बरोबर काढलेले होते, ते भावाने चूक ठरत नाही. उलट, योजनांच्या फाइली हाताळणाऱ्या आम्हां लोकांना त्या अपयशातच मोठा धडा आहे. आज कागदावर नफ्याचा दिसणारा आकडा उद्याच्या विटांना बांधून टाकतो, हे आम्हांला कोणी तरी वेळेवर शिकवावयास हवे होते.

आता आजची गोष्ट. ट्रॅक्टर आणि कापणी-मळणीची अजस्र यंत्रे आली. जुन्या दारांतून ती आत जाईनात. वाडे रिकामे पडले. मग शहरच्या श्रीमंतांना खेड्यात घर हवेसे वाटू लागले, आणि जुन्या कोठारांना सोन्याचा भाव आला. २०१४ सालापासून तर, यादीत नोंदलेल्या वास्तू वगळता, शेतीच्या इमारतीचे राहत्या घरात रूपांतर करण्याची वाट इंग्लंडात कायद्यानेच सोपी केली. नोंदलेल्या वास्तूंनाही रीतसर परवानगी काढून घराचे रूप देता येतेच. परिणाम असा, की ज्या दारांतून उफणणीचा वारा वाहत होता त्यांना आता पूर्ण उंचीच्या काचा बसतात; कोठाराच्या उंच पोकळीत मजले घालून शयनगृहे होतात; गुरांच्या चौकात कुंपणे घालून तो चार बिऱ्हाडांत वाटला जातो; आणि जेथे उकिरडा होता तेथे मोटारी उभ्या राहतात. बाहेरच्या भिंती मात्र चकचकीत पुसलेल्या. याला म्हणे संरक्षण! नोंदवहीची पाने फाडून पुठ्ठा काचेच्या कपाटात ठेवला, तर कोणता अभिलेखपाल त्याला संरक्षण म्हणेल?

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते पोकळ नाही. "घर होऊ दिले नाही, तर छप्पर कोसळेल. पडक्या सत्यापेक्षा उभे असत्य बरे." छपराला पैसा लागतो, आणि पैसा उपयोगातून येतो, हे मी नाकारीत नाही. पण घर हाच एक उपयोग आहे, हे कोणी ठरविले? राहत्या घराला खिडक्या हव्यात, भिंती हव्यात, खाजगीपणा हवा. म्हणजे जे त्या वाड्यात नव्हते तेच सारे हवे. सुताराला, लोहाराला, साठवणीला, लहानशा कारखान्याला मात्र मोठी पोकळी, रुंद दार आणि सामाईक चौक हेच लागते. कोल्सहिलची सारी जहागीर आज राष्ट्रीय न्यासाच्या ताब्यात आहे. तेथील शेतवाडा कामाच्या जागा म्हणून वापरता आला, तर इतरत्र का येऊ नये? तेव्हा क्रम असा असावा: प्रथम दुसरे एखादे काम, ते न जमल्यास, पोकळी आणि चौक अखंड ठेवून घर, आणि दोन्हींच्या आधी, काही झाले तरी, संपूर्ण मोजमाप व नकाशा. विक्रीचा भाव सर्वांत अधिक कशात, या प्रश्नाने आरंभ करणारांनी वारशाचे नाव घेऊ नये.

"हे सर्व ठीक, पण इंग्रजांच्या गोठ्याशी आपले काय देणे-घेणे?" असे एखादे स्वाभिमानी वाचक विचारतील. देणे-घेणे आहे, आणि तेही थेट. ज्या ऑगस्टस व्हॉएल्करने शेणखताचे गणित मांडले, त्याचाच मुलगा जॉन ऑगस्टस व्हॉएल्कर १८८९ साली सरकारच्या आमंत्रणावरून हिंदुस्थानात आला. देशभर हिंडून त्याने हिंदी शेतीच्या सुधारणेवरील अहवाल लिहिला, तो १८९३ साली प्रसिद्ध झाला. आपला शेतकरी अडाणी आहे, हा गोऱ्यांचा ठरीव समज त्याने मान्य केला नाही. उलट, चांगल्या शेतकऱ्याच्या मशागतीची त्याने स्तुती केली. आणि शेण चुलीत का जळते, याचे कारण त्याने आळसात न शोधता सरपणाच्या टंचाईत शोधले. म्हणून सरपण व वैरणीची राखीव राने वाढवा, असा आग्रह धरला. बापाने उकिरड्यावर छप्पर सुचविले. मुलाने येथे पाहिले की छपराआधी लाकूड हवे. नकाशा उचलून आणता येत नाही, त्यामागचा विचार मात्र आणता येतो, हे त्याने दाखविले.

त्याच १८८९ साली, १ फेब्रुवारीला, तेव्हाच्या अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजात, गोऱ्या फौजेला स्वच्छ दूध मिळावे म्हणून हिंदुस्थानातील पहिले लष्करी दुग्धालय सुरू झाले. पुढे दिल्ली, जबलपूर, महू, झाशी, ग्वाल्हेर, सिकंदराबाद, मीरत, लखनौ अशी त्यांची रांग लागली. स्वातंत्र्यानंतरच्या भरभराटीच्या काळात अशी १३० दुग्धालये आणि त्यांत ३०,००० गुरे होती. ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत समारंभपूर्वक हे खाते बंद झाले. गुरे इतरत्र दिली गेली, कर्मचारी इतर खात्यांत सामावले गेले. बंद करण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. गावोगाव दूध मिळत असताना फौजेने गाई पाळाव्यात असे नाही. माझा प्रश्न इमारतींचा आहे. एकशे बत्तीस वर्षांच्या त्या खात्याने आपल्या हवेसाठी, आपल्या गुरांसाठी गोठे कसे बांधले? इंग्लंडात ऊन आत घ्यावयाचे होते, येथे ते बाहेर ठेवावयाचे होते. मग चौकाचे तोंड कोणीकडे फिरले? तेथे पावसापासून शेण वाचवावयाचे होते, येथे चुलीपासून. मग शेणाची जावक कोठे झाली? या प्रश्नांची उत्तरे विटांत आहेत, आणि विटा पाडावयास एक दिवस पुरतो.

ही गावांची नावे मी उगाच दिली नाहीत. महू, जबलपूर, ग्वाल्हेर, झाशी, सिकंदराबाद! या पानांचे किती तरी वाचक याच गावांत बदलीवर आहेत, किंवा पिढ्यान् पिढ्या स्थायिक आहेत. छावणीच्या कचेरीत, हिशेबखात्यात, बांधकामखात्यात आपली मराठी माणसे बसलेली आहेत. आपण पेशव्यांच्या छत्र्या आणि शिंदे-होळकरांचे वाडे शोधीत हिंडतो, त्यांच्यावर लेख लिहितो. हे योग्यच आहे. पण शेजारच्या आवारातला गोठा मोडकळीस आला, तर आपल्याला तो दिसतही नाही. "अनुपयुक्त बांधकाम" असा शेरा मारावयाचा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव पुढे पाठवावयाचा, एवढेच आपले त्याच्याशी नाते. इंग्लंडने आपले गोठे आधी दुर्लक्षाने आणि मग पैशाने गमावले. आपण ते केवळ शेऱ्याने गमावू.

प्रत्येक गोठा जपा, असे वेडगळ मागणे मी मागत नाही. जागेची निकड मोठी आहे, आणि शाळा किंवा घरे बांधण्यासाठी एखादा जीर्ण गोठा पाडावा लागला तर पाडावा. मागणे एवढेच, की पाडण्यापूर्वी तो वाचला जावा. दिशा कोणती, चौकाची लांबी-रुंदी किती, गव्हाणीची उंची किती, नाल्यांना उतार कोणीकडे, वैरण कोठून येई, दूध कोठे जाई, शेण कोठे पडे, आणि गवळी व साफसफाई करणारे मजूर कोठे राहत. एवढ्या नोंदी व एक मोजलेला नकाशा. जवळच्या अभियांत्रिकी किंवा वास्तुकला महाविद्यालयातील चार विद्यार्थी हे काम सुटीच्या आठ दिवसांत करू शकतील. त्यासाठी मंत्रालयाची मंजुरी नको, परदेशी तज्ज्ञ नको. आवारात शिरण्याची एक परवानगी तेवढी हवी, आणि ती देणे आपल्यापैकीच कोणाच्या तरी हातात आहे. निर्लेखनाची टिप्पणी ज्याच्या टेबलावर येईल, त्याने तिच्यावर सही करण्यापूर्वी तो नकाशा फाइलीला जोडला आहे की नाही एवढे पाहावे, आणि जोडलेला नसेल तर फाइल परत पाठवावी.